मुक्या यंत्राला वाचा फुटते तेव्हा

संगणकातून आवाज आला नाही तर एवढे काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. गाणी ऐकायला खिशात मोबाइल आहेच. संगणकाने निमूटपणे टंकलेखन करावे, पत्रे पाठवावीत, म्हणजे झाले! गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत माझेही मत याहून निराळे नव्हते. ते बदलले आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्यामुळे.

हा मुलगा जन्मांध आहे. संगणकावर तो तुमच्याआमच्यासारखाच वाचतो, फक्त कानांनी. ऑर्का नावाचा एक प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर उचलतो, ईस्पीक-एनजी नावाचा दुसरा त्याचा उच्चार करतो, आणि मराठीतही करतो. सूर पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा एकसुरी. पण सवयीच्या कानाला शब्द न् शब्द कळतो.

ग्रंथालयातला एक जुना संगणक त्याच्यासाठी मोकळा करून आम्ही त्यावर लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसवली. तिच्या परवान्याला पैसे पडत नाहीत, आणि वरचे दोन्ही प्रोग्रामही फुकट मिळतात. सारे यथासांग पार पडले. मुलाने हेडफोन कानाला लावला, दोनचार कळा दाबल्या, थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, "सर, हा मुकाच आहे."

सत्रपरीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. नेमलेली पुस्तके त्या यंत्रात भरून ठेवलेली. आवाज नाही म्हणजे त्याच्यापुरते पुस्तकच नाही. आणि पेच असा की, आवाज दुरुस्त करायचा तर पडदा वाचता यायला हवा, आणि पडदा वाचायचा तर आवाज हवा! लग्न होईना म्हणून वेड जाईना आणि वेड जाईना म्हणून लग्न होईना, त्यातलाच प्रकार.

वास्तविक संगणकाजवळ आवाज नसतो, आकडे असतात. सीडीवरच्या गाण्यात डाव्या आणि उजव्या बाजूसाठी दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे भरलेले असतात. त्या आकड्यांची विजेची लहर करणे हे ध्वनिकार्डाचे काम. पण कार्डाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे कार्यप्रणालीला उपजत ठाऊक नसते. त्यासाठी ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. कार्डे बनवणारे कारखानदार हा दुभाष्या बहुधा खपाच्या कार्यप्रणालीपुरताच देत. बाकीच्यांनी आपापली सोय पाहावी!

लिनक्सवाल्यांनी ती पाहिली. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. त्याच्या आधी दोन वर्षे, १९८९ साली, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर हे कार्ड बाजारात आले होते. हन्नू सावोलाइनेन या फिनिश गृहस्थांनी त्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला. त्या काळी पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ असले आकडे आपल्या हाताने जुळवावे लागत. त्यातला एक चुकला की कार्डाने मौनव्रत धरलेच. आवाज लागला की नाही, हे पाहण्यासाठी लोक जी ध्वनिमुद्रिका वाजवत तीही मोठी गमतीची होती. खुद्द तोरवाल्ड्सने आपले नाव सांगून 'लिनक्स' या शब्दाचा उच्चार आपण कसा करतो, एवढेच तिच्यात सांगितले होते. पुढे १९९८ साली यारोस्लाव किसेला या चेक प्रोग्रामरने आल्सा हा प्रकल्प सुरू केला, आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीपासून आल्साला लिनक्सच्या गाभ्यात मानाचे पान मिळाले. कुठल्या कोण देशांतली ही माणसे! त्यांच्या कष्टाचे फळ आमच्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या यंत्रात होते; पण आवाज काही येत नव्हता.

आता गंमत पाहा. लिनक्सचे ज्ञान होते त्या मुलाला. अंधशाळेत तो ते शिकून आला होता. मला होते ते फक्त डोळे. तेव्हा त्याने आज्ञा सांगायची, मी ती टंकायची आणि पडद्यावर जे उमटेल ते मोठ्याने वाचून दाखवायचे, असे ठरले. मी वाचायचे आणि त्याने अर्थ लावायचा! वर्गातल्या आमच्या भूमिका बरोबर उलट्या झाल्या.

यंत्रातली ध्वनिकार्डे मोजून दाखव, ही पहिली आज्ञा. मी वाचले : एक नव्हे, दोन! पहिले एचडीएमआयचे. ज्या तारेने मॉनिटरकडे चित्र जाते, तिच्यातूनच आवाजही जाऊ शकतो. यंत्राने आपण होऊन तीच वाट धरली होती, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. म्हणजे यंत्र मुके नव्हते. ते भिंतीशी बोलत होते. दुसरे कार्ड हेडफोनचे. आवाजाची वाट तिकडे वळवली. तरीही शांतता!

"आल्सामिक्सर उघडा," मुलगा म्हणाला. पडद्यावर उभ्या पट्ट्या आल्या. मी एकेकीचे नाव वाचू लागलो. "हेडफोन. खाली दोन अक्षरे आहेत, एम, एम." तो खदखदून हसला. "सर, म्यूट आहे. एमची कळ दाबा." दाबली. दोन एमच्या जागी दोन शून्ये आली.

आवाजाच्या वाहिन्या आरंभी बंद ठेवण्याची आल्साची जुनी रीत आहे. नव्या यंत्रातून एकाएकी मोठा आवाज निघून ऐकणाराचे कान बधिर होऊ नयेत, हा त्यातला सद्धेतू. आमच्या यंत्रात बिघाड असा कुठलाच नव्हता. एक वाट चुकली होती आणि एक दार लोटलेले होते.

मुलगा एकदम गप्प झाला. हेडफोन त्याच्या कानाला होता. मला काहीच ऐकू येत नव्हते. बोटे कळांवर फिरत होती आणि चेहरा ऐकणाऱ्या माणसाचा झाला होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सर, पहिले प्रकरण उघडले." आणि लगेच, "हे साठवून ठेवण्याची आज्ञा द्या, नाहीतर उद्या पुन्हा मुका व्हायचा!"

आवाज गेल्यास काय करावे याची चिठ्ठी संगणकावर चिकटवू या, असे मी सुचवले. "पण सर, चिठ्ठी वाचणार कोण?" त्याने विचारले. तेव्हा ग्रंथालयाच्या शिपायांना बोलावून एमची कळ कोणती आणि ती केव्हा दाबायची, हे त्यानेच त्यांना शिकवून ठेवले.