सहा लंगोट, साठ श्वास

बाळंतिणीच्या खोलीतलं रडणं जरा लांबलं, की बाहेर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, ‘दूध पुरत नाही वाटतं हिला.’ मग कुणी वरचं दूध सुचवतं, कुणी उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणी, तर कुणी सहाण घेऊन गुटी उगाळायला बसतं. आई आधीच जागरणानं अर्धी झालेली. तिला स्वतःचीच शंका यायला लागते. खरं तर या खटल्यात दोरीवरच्या लंगोटांची साक्ष पुरेशी असते.

पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले होत असतील आणि लघवी फिकट असेल, तर सहसा दूध पुरतंय. दुसरा साक्षीदार वजनकाटा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवेळच्या आकड्यावर परत येतं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅमनं वाढतं. हे दोन्ही ठीक असेल, तर रडण्याचं कारण दुसरीकडे शोधावं: ओलं दुपटं, अडकलेली ढेकर, किंवा नुसतं कुशीत यायचं असतं. संध्याकाळची किरकिर सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते.

दूध उतरतं ते पाजण्यानंच. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्यावं, पिवळसर चीक पिळून टाकू नये, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावं. सहा महिने पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात ते भरपूर असतं. ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे डॉक्टरांना विचारून द्यावेत. मधाचं बोट वर्षभर नकोच. मधातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पाडणारा बोट्युलिझम होऊ शकतो.

दुसरी परीक्षा स्पर्शाची. बाळाचं पोट चाचपावं, मग पाऊल. दोन्ही उबदार असतील तर बाळ मजेत आहे. पोट गरम आणि पाऊल गार लागलं, तर त्याला थंडी वाजतेय. टोपडं घालून आईच्या उघड्या छातीशी ठेवावं आणि दोघांवर पांघरूण घालावं. दोन्ही गार लागली, तर तसंच छातीशी धरून दवाखाना गाठावा. ऊब म्हणून बंद खोलीत शेगडी किंवा धुरी नको. तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. पहिली अंघोळ निदान २४ तासांनंतर. मालिश खुशाल करावी, पण हलक्या हातानं, आणि नाका-कानात तेल न सोडता. नाळेला हळद, राख, तूप काहीही लावू नये. कोरडी ठेवली की ती आपोआप गळते. झोपवताना बाळ पाठीवर, उशीशिवाय.

तिसरी गोष्ट मोजायची ती श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळं तपासायला शिकवलं. श्वास मोजण्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधं साधन तयार केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास छापून आला. या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या गृहभेटींत आली. नवजात बाळासाठीच्या या भेटींतली शेवटची ४२ व्या दिवशी असते, म्हणजे आपला सव्वा महिना सरल्यावर.

शांत झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजावेत. तेवढेच आले, तर थांबू नये. छाती आत ओढली जाणं, दूध पिणं सोडणं, अंग ढिलं पडणं, झटके येणं, ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, तळहात-तळपाय पिवळे दिसणं, यांपैकी एकही खूण दिसली तर घरचा उपाय करत बसू नये. ती वेळ दवाखान्याची.

आणि हे सगळं मोजायचं कुणी? बाळंतिणीनं नव्हे. तिनं पाजावं, जेवावं, झोपावं. दोन आठवडे उलटूनही तिचं मन सारखं भरून येत असेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्यावं. खोलीच्या दाराला एक कागद चिकटवून त्यावर लंगोटांच्या रेघा बाळाच्या बाबानं ओढाव्यात. पुढच्या वेळी बाहेरून ‘दूध पुरत नाही वाटतं’ असं ऐकू आलं, की कागद बघून त्यानंच सांगावं, ‘आज सात झालेत. पुरतंय.’