करिझ्मा ते डॉमिनार: लांब पल्ल्याची गाडी

२००३मध्ये हीरो होंडाची करिझ्मा आली. तोवर दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा बुलेटच असायची. करिझ्माचं इंजिन २२३ सीसीचं, ताकद १७ अश्वशक्तीच्या आसपास. आज हे आकडे किरकोळ वाटतील. पण अर्धं फेअरिंग, पाठ ताठ ठेवून बसता येईल असं हँडल आणि १५ लिटरची टाकी, एवढ्या भांडवलावर तिने पुणे-गोवा हा एका दिवसाचा सुखाचा प्रवास करून टाकला.

त्याच सुमारास सुवर्ण चतुष्कोनाची कामं चालू होती. पुणे-बेंगळुरू रस्ता चौपदरी झाला आणि तासन्‌तास एकाच वेगाने जाणं शक्य झालं. गाडीची खरी परीक्षा तिथे सुरू झाली. २००९ची पल्सर २२० तीत उतरली ती वेगापेक्षा प्रोजेक्टर हेडलाइटमुळे, असं मला वाटतं. रात्री घाटात तो उजेड फार मोलाचा होता.

२०११ची होंडा सीबीआर २५०आर ही माझ्या मते त्या दशकातली सर्वांत समतोल निवड. पाण्याने थंड राहणारं इंजिन, पूर्ण फेअरिंग, हवं असल्यास एबीएस. ताशी शंभरलाही ती दमल्यासारखी वाटत नसे. तिचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. दोन वर्षांनी चाकणमध्ये बनलेली केटीएम ड्यूक ३९० आली आणि सगळी चर्चा तिच्या ४३ अश्वशक्तीकडे वळली. लडाखपर्यंत लोक तिच्यावरून गेले, पण टाकी लहान आणि वारा थेट छातीवर.

२०१६च्या डिसेंबरात बजाजने त्याच घराण्यातलं ३७३ सीसीचं इंजिन डॉमिनारमध्ये बसवलं. सुरुवातीच्या गाड्यांत हँडलला जाणवणारी थरथर अनेकांना खटकली. २०१९मध्ये ताकद वाढली, पुढचे शॉकअब्सॉर्बर बदलले. मला मात्र २०२१ची डॉमिनार जास्त महत्त्वाची वाटते: उंच विंडस्क्रीन, हँडगार्ड, सामानाचं कॅरिअर कारखान्यातूनच लागून आलं. चालवणारे या वस्तू कित्येक वर्षं पदरच्या पैशाने बसवून घेत होते. कंपनीने त्यांचं ऐकलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

सीटचं दुखणं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. शोरूमच्या पाच मिनिटांच्या फेरीत ते कळतही नाही. गाडी ठरवण्याआधी ओळखीतल्या कुणाची तीच गाडी मागून घ्यावी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्यापर्यंत जाऊन यावं आणि मग कंबर काय म्हणते ते पाहावं.