‘डाव्या कुशीवरच झोप’ : या सल्ल्यामागे किती संशोधन आहे?

गरोदर बाईला सातवा महिना लागला की झोपेबद्दलचे सल्ले सुरू होतात. डाव्या कुशीवरच झोप. उताणी अजिबात नको. कूस बदलायची तर आधी उठून बस, नाहीतर बाळाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळते. यातला नाळेचा मुद्दा लगेच बाजूला काढू. नाळ गुंडाळते ती बाळाच्या स्वतःच्या हालचालींमुळे; आई उठून बसली काय किंवा लोळली काय, त्याचा संबंध नाही. उरलेल्या दोन सल्ल्यांमागे मात्र खरंखुरं संशोधन आहे, आणि तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल तर ते नीट वाचण्यासारखं आहे.

२०११ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २८ आठवड्यांनंतर ज्यांचं बाळ पोटातच दगावलं अशा १५५ स्त्रिया, आणि तेवढेच आठवडे भरलेल्या, गर्भारपण चालू असलेल्या ३१० स्त्रिया. दोन्ही गटांना विचारलं : झोपताना कशा झोपला होतात? डाव्या कुशीवर झोपलेल्यांमध्ये मृतजन्माचं प्रमाण हजारी १.९६ निघालं, बाकीच्यांमध्ये हजारी ३.९३. बातमी झाली : ‘धोका दुप्पट’.

आता थांबा. दुप्पट हे खरंच आहे. पण हजारात दोनाचे चार झाले, म्हणजे डाव्या कुशीवर न झोपलेल्या हजारातल्या ९९६ जणींच्या बाळांना काही झालं नाही, हेही तितकंच खरं आहे. एकच आकडा घाबरवतो आणि तोच धीरही देतो. पेपर वाचताना सापेक्ष धोका दिसला की त्याच्या शेजारी निव्वळ धोका शोधायचा. सापडला नाही तर लेखकांनी तो का दिला नाही, हे विचारायचं.

दुसरा प्रश्न पद्धतीचा. हा केस-कंट्रोल अभ्यास आहे, म्हणजे घटना घडून गेल्यावर मागे वळून विचारलेला. जिचं बाळ गेलंय ती आई शेवटची रात्र मनात हजार वेळा उगाळते. दुसरीला कालची रात्रही नीट आठवत नाही. यालाच रिकॉल बायस म्हणतात. मग अशी पद्धत वापरायचीच कशाला? कारण घटना दुर्मिळ आहे. हजारी तीन धरले तर दहा हजार गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केल्यावर हाती जेमतेम तीस घटना लागतात. आणि निम्म्या जणींना मुद्दाम उताणं झोपवून प्रयोग करणं कुठलीच एथिक्स कमिटी मंजूर करणार नाही, करूही नये.

त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, मला तो सगळ्यात शिकवणारा वाटतो. शेवटच्या रात्री लघवीला एकदाच उठलेल्या किंवा अजिबात न उठलेल्या स्त्रियांमध्ये धोका जास्त दिसला. मग काय, गजर लावून उठायचं? नाही. बाळाची हालचाल आधीच मंदावली असेल, तर आईला रात्रभर शांत झोप लागणं हा त्याचा परिणाम असू शकतो. कारण आणि परिणाम उलटे लागू शकतात. हीच शंका उताणं झोपण्याबद्दलही घ्यायला हवी, आणि संशोधकांनी ती घेतलीही.

पुढे काय झालं? २०१९ मध्ये अशा पाच अभ्यासांतल्या एकेका स्त्रीची माहिती एकत्र करून, ८५१ केसेस आणि २२५७ कंट्रोल घेऊन, पुन्हा विश्लेषण झालं. उताणं झोपण्याचा ऑड्स रेशो २.६३ आला. पण डावी आणि उजवी कूस यांत फरकच निघाला नाही! त्याच वर्षी अमेरिकेतल्या साडेआठ हजारांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात ३० आठवड्यांपर्यंतच्या झोपेच्या स्थितीचा दुष्परिणामांशी संबंध दिसला नाही. घाईत वाचलं तर दोन पेपर एकमेकांच्या विरोधात वाटतात. तसं नाही; कालखंड वेगळा आहे. गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर खरं पडतं ते शेवटच्या तिमाहीत. आई उताणी झोपली की ती शीर दबते आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. एमआरआयमध्ये हे दिसलंय.

माझ्या मामेबहिणीचा आठव्या महिन्यात रात्री तीनला मेसेज आला होता, ‘ताई, जाग आली तेव्हा उताणी होते, बाळाला काही होईल का?’ तिला मी आकडे नाही सांगितले. सगळ्या अभ्यासांत प्रश्न ‘झोप लागताना’च्या स्थितीचा होता, कारण रात्रीत तीच सहसा जास्त वेळ टिकते. म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेचा २०२१ चा सल्लाही एवढाच आहे की २८ आठवड्यांनंतर झोपी जाताना पाठीवर झोपू नका. जाग आल्यावर उताण्या असाल तर कुशीवर व्हा आणि परत झोपा. डावा खांदा दुखतोय तर उजवीकडे वळा. गुडघ्यांमध्ये एक उशी, पाठीमागे एक लोड. जळजळ होत असेल तर रात्रीचं जेवण लवकर आणि डोक्याकडची बाजू जरा उंच. पायात गोळे येतात त्यावर मॅग्नेशियम सर्रास घेतलं जातं, त्याचा पुरावा अजून कच्चा आहे. डॉक्टरांना विचारूनच घ्या. बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र कूस-बिस बाजूला ठेवून त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

हा अभ्यास तुम्हाला मराठीत करायचा झाला तर? प्रश्नावलीत पटकन काय लिहाल? ‘कोणत्या कुशीवर झोपला होतात?’ या प्रश्नात उताणं झोपणं बसतच नाही. कूस म्हटली की डावी किंवा उजवी. शिवाय जिला सातव्या महिन्यापासून घरादाराने ‘डावी, डावी’ ऐकवलंय, ती सासूबाईंच्या समोर दुसरं काय सांगणार? मी माझ्या कच्च्या प्रश्नावलीत ‘झोप लागली तेव्हा तोंड कुठे होतं : छताकडे, भिंतीकडे की दाराकडे?’ असं विचारून बघतेय. पलंग कुठल्या बाजूला, याची नोंद आधी घ्यावी लागते.