आयएसआयला दाऊदची गरज का पडली?

आमच्या प्रकाशातून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे चोरटी दारू पकडल्याच्या बातम्या नंदुरबार जिल्ह्यात नेहमीच्याच. 'दारूच तर आहे' म्हणून आपण पुढे स्क्रोल करतो. पण चोरवाट माल बघत नाही. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर हेच दिसलं.

परदेशी गुप्तचर संस्थेकडे पैसा असतो, स्फोटकं असतात, प्रशिक्षण देणारे असतात. नसते ती दुसऱ्या देशातली वाट: माल कुठे उतरवायचा, ट्रक कुणाचा, कोण किती घेऊन डोळे मिटतो. तस्करांकडे हे सगळं आयतं असतं. एरवी सोनं-चांदी आणणाऱ्या दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमनच्या माणसांनी जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्याही, आणि लाच घेऊन सोडल्या!

१२ मार्चला मुंबईत १२ स्फोट झाले, २५७ माणसं गेली. आरोपींना पाकिस्तानात प्रशिक्षण मिळाल्याचं आणि त्यामागे आयएसआय असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या निकालात नोंदवलं. शिक्षा झालेल्यांत फक्त टोळीवाले नव्हते. कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही होते.