डोंबिवलीवरचे दोन सिनेमे आणि एक लेखक

गेल्या काही रात्री डोंबिवलीच्या नावाचे दोन सिनेमे लागोपाठ पाहिले. दोन्हींबद्दल लिहायलाच हवं.

निशिकांत कामतचा 'डोंबिवली फास्ट' (2005) मी आधीही पाहिला होता, पण या वेळी जास्त लागला. संदीप कुलकर्णींनी उभा केलेला माधव आपटे हा बँकेत नोकरी करणारा, नियम पाळणारा साधा माणूस. रोजची लोकल, रोजची लाचखोरी, आणि एक दिवस हातात बॅट. कुलकर्णींचं काम पाहा: आवाज चढायच्या कितीतरी आधी त्यांचा जबडा घट्ट होतो. या सिनेमाला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे कामतनेच आर. माधवनला घेऊन तो तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' नावाने केला. राग कल्याण-डोंबिवलीचा, पण चेन्नईतही पटला!

'झोंबिवली' (2022) आदित्य सरपोतदारचा. झॉम्बी आहेत, धमाल आहे, पण खरा विषय पाण्याचा: टॉवरमध्ये राहणारे आणि शेजारच्या वस्तीतले. उत्तरार्ध थोडा लांबतो. तरी अमेय वाघ आणि ललित प्रभाकरसाठी जरूर पाहा. याच दिग्दर्शकाने नंतर 'मुंज्या' केला.

वाचनात सध्या शं. ना. नवरे. शन्ना डोंबिवलीचेच. त्यांच्या कथांतली मध्यमवर्गीय माणसं आपटेसारखी फुटत नाहीत, आतल्या आत सोसतात. म्हणून आधी शन्ना वाचा, मग 'डोंबिवली फास्ट' लावा.