प्रतिमा-संपादन सॉफ्टवेअर आणि डिजिटल रेखनाचे प्राथमिक शिक्षण

प्रस्तावना

छायाचित्रांवर संस्कार करण्यासाठी निर्माण झालेली सॉफ्टवेअर पुढे चित्रे काढण्यासाठीही वापरली जाऊ लागली. डिजिटल रेखन शिकू पाहणाऱ्या नवशिक्याच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या इतिहासात आहे. थॉमस व जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेले फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. बर्कली येथील विद्यार्थी स्पेन्सर किम्बॉल व पीटर मॅटिस यांनी आरंभ केलेले जिम्प हे विनामूल्य, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर १९९६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. दोहोंच्या पडद्यावर साधनांची जी दाटी दिसते, तिच्यातील पुष्कळशी साधने छायाचित्रांच्या दुरुस्तीची आहेत. रेखनाचा आरंभ करण्यास कुंचला, खोडरबर, निवड, रंगभरण व थर एवढी साधने पुरेशी होतात. तरीही प्रशिक्षण मेनूच्या क्रमाने देण्याची प्रवृत्ती आढळते. परिणामी विद्यार्थ्यास फिल्टरांची नावे पाठ होतात, रेषा मात्र कच्चीच राहते.

थरांची संकल्पना

महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांना चित्रकलेची पहिली शिस्त एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीतून लाभते. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा राखून फिकटाकडून गडदाकडे जावे लागते, आणि एकदा गडद झालेली जागा सहसा परत मिळत नाही. त्यामुळे कागदाला कुंचला लावण्यापूर्वी विचार करण्याची सवय जडते. फोटोशॉपच्या १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत आलेल्या थरांनी हे बंधन सैल केले. कच्चे रेखन एका थरावर, शुद्ध रेषा दुसऱ्यावर व रंग तिसऱ्यावर ठेवता येत असल्याने एकाला धक्का न लावता दुसरे बदलता येते.

येथे ‘मल्टिप्लाय’ या मिश्रणपद्धतीचे गणित वर्गात अवश्य सांगावे. लाल, हिरवा व निळा या प्रत्येक घटकाचे मूल्य ० ते २५५ असते. वरच्या व खालच्या थरांतील मूल्यांचा गुणाकार करून त्यास २५५ ने भागले जाते. वरचा बिंदू पांढरा, म्हणजे २५५ असल्यास खालचा रंग जसाच्या तसा राहतो. काळा, म्हणजे ० असल्यास उत्तर काळेच येते. २०० व १२८ यांपासून सुमारे १०० मिळतात. म्हणूनच स्कॅन केलेले पेन्सिलचित्र या पद्धतीने वर ठेवले की कागदाचा पांढरा भाग अदृश्य होतो व रेषांखाली रंग भरता येतो. संगणक प्रयोगशाळेत केवळ माउस असेल, तर हाच मार्ग श्रेयस्कर होय. माउसला हाताचा दाब कळत नाही; पेन टॅबलेटला कळतो. मात्र पडदा नसलेल्या टॅबलेटवर हात मेजावर व दृष्टी समोर, अशी फारकत होते आणि ती अंगवळणी पडण्यास काही आठवडे द्यावे लागतात.

आकारमान, पूर्ववत आज्ञा व मूल्यमापन

ए-४ कागदावरील चित्र इंचाला ३०० बिंदू या घनतेने छापावयाचे असेल, तर २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख चित्रबिंदू लागतात. प्रत्येकी तीन बाइट धरल्यास पूर्ण भरलेला एकच थर सुमारे २६ मेगाबाइट स्मृती व्यापतो. थर वाढताच जुने संगणक मंदावतात ते यामुळेच. इंचाला ७२ बिंदूंवर आरंभिलेले चित्र पडद्यावर नीटनेटके दिसते, परंतु त्याच आकारात छापल्यावर त्याच्या कडा दातेरी येतात.

अधिक गंभीर प्रश्न ‘पूर्ववत’ आज्ञेचा आहे. कंट्रोल व झेड ही कळजोडी सतत वापरणारा विद्यार्थी एकच रेषा पंधरा वेळा काढतो आणि त्यांतील योगायोगाने साधलेली ठेवतो. चूक कोठे झाली हे तो पाहत नाही. चित्र चौपट मोठे करून पापण्यांचे केस रंगवण्याची हौस याच जातीची आहे, कारण तेवढ्यात चेहऱ्याचे प्रमाण बिघडलेले असते. प्रारंभीच्या अभ्यासात पूर्ण चित्र दृष्टीसमोर ठेवून, ही आज्ञा न वापरता रेखन करवून घेणे हितावह ठरते.

प्रात्यक्षिकाच्या मूल्यमापनासाठी केवळ जेपीईजी फाइल स्वीकारली, तर सर्व थर एकत्र झालेले असतात आणि परीक्षकासमोर फक्त अंतिम परिणाम येतो. पीएसडी वा एक्ससीएफ स्वरूपातील थरयुक्त फाइल मागवल्यास, आणि विद्यार्थ्याने कच्च्या रेखनाचा थर राखला असल्यास, तो स्वतंत्र पाहता येतो. वस्तूचे निरीक्षण करून शोधत काढलेल्या अनेक रेषा आणि छायाचित्रावरून गिरवलेली एकच सफाईदार कड यांतील भेद अनुभवी शिक्षकाच्या तेथे सहज लक्षात येतो.