विमानाचे तिकीट स्वस्त कसे पडते?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, कापडाचा भाव मीटरवर ठरतो, पण माल परवडला की नाही हे दुकानात पोचेपर्यंतचा खर्च धरूनच कळते. विमानाच्या तिकिटाचेही तसेच आहे.

एकाच विमानातील जागा वेगवेगळ्या दरांनी विकतात. स्वस्त जागा थोड्या. त्या संपल्या की पुढचा चढा दर लागतो. म्हणून तारीख पक्की असल्यास महिनाभर आधी तिकीट काढावे. दिवाळी व ईदच्या तोंडावर दर चढतात.

27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांवर तेव्हा अडीच हजार रुपयांची मर्यादा होती. पण अशा सेवा बंदही पडतात, म्हणून आधी चौकशी करावी.

येलदरीच्या माणसाने नांदेड, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), हैदराबाद आणि मुंबई येथील दर ताडून पाहावेत व त्यात एसटी, रेल्वे आणि मुक्कामाचा खर्च मिळवावा. मी एकदा मुंबईहून पहाटेचे स्वस्त तिकीट घेतले. रात्रीचे लॉज आणि नमुन्यांच्या गाठीचे जादा वजन यांत सगळी बचत गेली. देशांतर्गत विमानात बहुधा 15 किलोच सामान मोफत नेता येते.

आखातात कामाला जाणाऱ्या कारागिरांनी तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे पाहावे. एजंटला पूर्ण रक्कम देण्यापूर्वी पीएनआर क्रमांक विमान कंपनीकडे तपासावा आणि तिकीट रद्द केल्यास किती पैसे कापतात तेही विचारावे. कर्ज काढून घेतलेले तिकीट वाया गेले, तर ते फेडता फेडता वर्ष जाते.